हरणाचं पाडस वस्तीवर आणलंय: ठेवायचं, द्यायचं की परत न्यायचं?

आष्टी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलंय: परवा दुपारी ज्वारीची काढणी चालू असताना मजुरांना पातीत हरणाचं पाडस सापडलं. आई कुठं दिसली नाही, कुत्री फिरत होती, म्हणून पोरांनी ते वस्तीवर आणलं. दोन दिवस बाटलीनं गाईचं दूध चाललंय. परत नेलं तर माणसाचा वास लागल्यामुळं आई घेणार नाही म्हणतात, वनविभागाला दिलं तर पिंजऱ्यात जन्म जाईल. मग शेळ्यांबरोबर वाढवून मोठं झाल्यावर माळावर सोडणं जास्त माणुसकीचं नाही का?

प्रश्न घाईचा आहे, म्हणून आधी आज रात्रीचं सांगतो. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर आत्ताच फोन करा किंवा तुमच्या बीटच्या वनरक्षकाला गाठा. पाडस अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा, बघ्यांना आत सोडू नका, गाईचं दूध बंद करा. बाकीची कारणं सावकाश वाचा.

तुम्ही प्रश्न "ठेवावं की द्यावं" असा मांडलाय. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कुणी विचारलेलाच दिसत नाही: हे पाडस अनाथ आहे हे ठरवलं कुणी? काढणीत सापडलेली बहुतेक पाडसं अनाथ नसतात. हरणी व्याली की पहिले दोनेक आठवडे पिल्लू कळपाबरोबर हिंडत नाही. ते गवतात, हरभऱ्यात किंवा ज्वारीच्या ताटांत अंग जमिनीला चिकटवून, कान मागं पाडून, मान पसरून पडून राहतं. तुम्ही हातभर अंतरावर आलात तरी उठत नाही. भीतीनं गळाठलंय किंवा आजारी आहे असं आपल्याला वाटतं, पण हालचाल न करणं हेच त्याचं संरक्षण असतं. त्याच्या अंगाला वास फार कमी असतो, आणि आई त्याची विष्ठासुद्धा चाटून साफ करते, म्हणजे लांडग्या-कोल्ह्याला माग लागत नाही. आई मुद्दाम लांब चरते, कारण ती जवळ उभी राहिली तर शिकाऱ्याला जागा कळते. ती येते पहाटे, सांजेला, मधे एखाद्या वेळी. पाच-दहा मिनिटं पाजते आणि पुन्हा निघून जाते. त्यामुळं भर दुपारी, दहा-पंधरा माणसं विळे घेऊन शेतात असताना "आई दिसली नाही" यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती बहुधा पलीकडच्या माळावरून बघत असते.

वासाची समजूत तर फारच नुकसान करते. पाडस जन्मल्यावर पहिल्या काही तासांत आई त्याला चाटून त्याचा वास आणि आवाज ओळखीचा करून घेते. त्यावर माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून ती ओळख पुसली जात नाही. आईला अडवतो तो माणसांचा वावर. चार माणसं बांधावर मोबाइल धरून उभी असतील तर ती दिवसभर येणार नाही, आणि मग "बघा, घेतलं नाही" असं आपणच म्हणतो. ही समजूत खरी धरली की परत नेण्याची वाट पहिल्याच तासाला बंद होते, आणि पाडसासाठी सगळ्यात चांगली वाट तीच असते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिल्या चोवीस तासांत परत ठेवलेल्या पाडसाला आईनं घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कमी होते, कारण पाजणं थांबलं की कास सुकायला लागते आणि कळपही सरकतो. कमी होते म्हणजे संपत नाही. तुमच्या बाबतीत मी प्रयत्न नक्की करीन, जर चार गोष्टी जुळत असतील: पाडसाला जखम नाही, ते स्वतःच्या पायावर उभं राहतंय, जिथं सापडलं ती जागा नेमकी माहीत आहे, आणि कळप त्या शिवारात अजून दिसतोय. उद्या पहाटे लांबून कळप बघा. एखादी हरणी एकटी मागं राहते का, काढणी झालेल्या रानाकडं वळून वळून येते का, तिची कास भरलेली दिसते का? असं दिसलं तर एक तासही वाया घालवू नका.

परत ठेवायची रीत साधी आहे, फक्त धीर लागतो. वनरक्षक बरोबर असू द्या. वेळ दिवस मावळायच्या तासभर आधीची किंवा अगदी पहाटेची. नेणारी माणसं दोनच. हात मातीनं किंवा त्याच रानातल्या पाल्यानं चोळून घ्या. माणसाच्या वासासाठी नव्हे, साबण, अत्तर, तंबाखूचा उग्रपणा कमी करण्यासाठी. पाडसाच्या डोळ्यांवर सुती फडकं हलकेच बांधा, पाय बांधू नका, छातीशी धरून पाय खाली दुमडलेले ठेवा. मोटरसायकलवर नेऊ नका. ठेवायची जागा सापडली तीच, फार तर पन्नास पावलं इकडं-तिकडं. तुमचं रान आता मोकळं झालंय, त्यामुळं उघड्या ढेकळांत ठेवू नका. बांधावरचं गवत, उभ्या राहिलेल्या ताटांची कड किंवा कडब्याच्या चार पेंढ्या तिरप्या टेकवून केलेला आडोसा चालतो. फडकं शेवटी काढायचं आणि मागं न बघता निघायचं.

मग एकाच माणसानं दोनशे-तीनशे मीटरवरून, वारा पाडसाकडून आपल्याकडं येईल अशा बाजूला बसून, शक्यतो दुर्बिणीतून लक्ष ठेवायचं. कुत्री सोडून बाकी कशासाठीही मधे पडायचं नाही. शिवारातल्या सगळ्या वस्त्यांना त्या रात्रीपुरती कुत्री बांधून ठेवायला सांगा. हे काम गावात तुम्हीच करू शकता, वनरक्षक एकटा करू शकत नाही. सकाळी ऊन तापायच्या आत एकदा बघा. पाडस जागेवर नसेल आणि रक्त, केस, ओढल्याच्या खुणा नसतील तर आईनं जागा बदलली असं समजा आणि शोधाशोध करू नका. ते तिथंच असेल, पोट खपाटीला गेलेलं आणि सारखं ओरडत असेल, तर आई आलेली नाही. मग उचलायचं. गप्प पडून आहे आणि पोट गोल आहे म्हणजे पाजून गेली.

हीच रीत उसात सापडणाऱ्या बिबट्याच्या बछड्यांसाठीही वापरतात. प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवून त्याच जागी रात्रभर सोडलं की मादी बहुतेक वेळा येऊन घेऊन जाते. ते काम मात्र फक्त वनविभागाचं, तिथं गावकऱ्यांनी थांबायचंसुद्धा नाही. उसातली पुष्कळ "बिबट्याची पिल्लं" ही रानमांजराची असतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

परत ठेवू नये अशी पाडसं कोणती? कुत्र्यानं चावलेलं, पाय मोडलेलं, जखमेत अळ्या पडलेलं, मान धरू न शकणारं. कुत्र्याच्या दातांची जखम वरून बारीक दिसते आणि आत कातड्याखाली मांस फाटलेलं असतं, म्हणून "थोडंच लागलंय" हे आपण ठरवायचं नाही, पशुधन विकास अधिकाऱ्यांनी ठरवायचं. आणि असं पाडस ज्यांनी उघड्या हातानं धरलं असेल त्यांनी हात साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारायचं. पोरं हे घरी सांगत नाहीत, त्यामुळं तुम्ही विचारा.

आज रात्री काय पाजायचं? गाईच्या दुधापेक्षा हरणीचं दूध बरंच घट्ट असतं. गाईच्या दुधानं पाडसाला जुलाब लागतात आणि पुष्कळ पाडसं या जुलाबानं सुकून मरतात. जवळचा पर्याय शेळीचं दूध: पाणी न घालता, अंगाइतकं कोमट. दिवसभरात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे अडीच किलोच्या पाडसाला अडीचशे मिली, आणि तेही एकदम नाही. चाळीस-पन्नास मिली असं पाच-सहा वेळा. जुलाब सुरू झाले असतील तर एक-दोन वेळा दुधाऐवजी ओआरएस द्या, एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवून. पाडस उभं किंवा छातीवर बसलेलं असावं, मान थोडी वर. उताणं धरून किंवा सिरिंजनं जोरात सोडून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. लगेच ठसका लागतो, दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पाजून झाल्यावर कोमट ओल्या फडक्यानं शेपटीखाली पुसा. आईच्या चाटण्याशिवाय इतकी लहान पाडसं लघवी-शेण करत नाहीत आणि पोट फुगतं. जन्मल्याबरोबर आईचा चीक मिळालाच नसेल तर प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. वासराचं हे तुम्हाला सांगायला नको. ही सगळी सोय काही तासांची आहे, वाढवण्याची कृती म्हणून वापरू नका.

आता तुमच्या मूळ कल्पनेकडं येतो, कारण ती चांगल्या मनातून आली आहे आणि तरीही मी तिच्या ठाम विरोधात आहे. माळावर जगायला हरणाला दोन गोष्टी लागतात: कळप आणि भीती. दोन्ही ते पहिल्या काही महिन्यांत आईकडून आणि कळपाकडून शिकतं. शेळ्यांमध्ये वाढलेलं पाडस माणसाला आणि कुत्र्याला घरचं समजतं. ते माळावर सोडलं की पहिल्या भेटलेल्या कुत्र्याकडं चालत जातं. नर असेल तर आणखी वाईट. दीड-दोन वर्षांत शिंगं मोठी होतात, वयात येतो, आणि माणसांत वाढलेला नर माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो. ज्या लेकरानं त्याला बाटली पाजली त्याच्याच पोटात शिंग जाऊ शकतं. मग तो बांधला जातो, आणि ज्या पिंजऱ्याला तुम्ही आज भिताय तोच दोराच्या रूपानं येतो. तिसरी गोष्ट दिसत नाही म्हणून दुर्लक्षिली जाते: शेळ्यांचा पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग), लाळ-खुरकूत. तुमच्या शेळ्या लसीमुळं निरोगी दिसतील. त्यांच्यात राहिलेलं हरीण रोग घेऊन कळपात गेलं तर एका जिवाच्या दयेची किंमत आख्ख्या शिवारातली हरणं देतील.

म्हणून असा निर्णय घेताना मी आपल्याला काय बरं वाटतं हे बाजूला ठेवतो आणि एवढंच विचारतो की दोन वर्षांनी हा जीव कुठं असेल. पाजताना मनाला मिळणारं सुख खरं आहे, पण ते आपलं सुख आहे.

पिंजऱ्याची तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. आईनं घेतलंच नाही तर हातावर वाढलेलं एकटं पाडस पुन्हा पूर्ण रानटी होणं अवघड असतं, आणि काहींच्या नशिबी कायमचं बंदिस्त जगणं येतं. पण उपचार केंद्रात त्याच वयाची दुसरी पाडसं असतील तर एकत्र वाढवून, माणसाचा संपर्क कमीत कमी ठेवून, पुढं मोठ्या कुंपणातून हळूहळू मोकळं करण्याचा मार्ग राहतो. वस्तीवर तो राहत नाही. तुम्ही वनविभागाला देताना नुसतं देऊन मोकळं होऊ नका: सापडल्याची नेमकी जागा, तारीख, वेळ आणि आतापर्यंत काय पाजलं हे कागदावर लिहून द्या, पंचनाम्याची प्रत मागा, आणि "आधी आईकडं परत ठेवून बघू" ही विनंती त्यात नोंदवायला सांगा. विचारणारा माणूस असला की परत ठेवण्याचा प्रयत्न होतो.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. तुमच्या माळावरचं हरीण म्हणजे बहुधा काळवीट, आणि काळविटाचे नर-मादी-पाडस सगळेच वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणंही त्यातच येतं, आणि अनुसूची 1 मधल्या प्राण्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. कलम 39 प्रमाणं असा प्राणी हाती आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुमचे 48 तास संपत आलेत. वेळेत स्वतःहून कळवणारा आणि महिनाभर गोठ्यात लपवणारा यांत फार फरक आहे, म्हणून आज रात्रीचा फोन टाळू नका.

एक अवघड गोष्ट राहिली. पाडसाचा कणा मोडला असेल, वाचण्याची आशा नसेल, तर तडफडू द्यायचं का? अनुसूची 1 मधल्या प्राण्याला वेदनेतून सोडवण्याचा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, लेखी आणि कारणासह. गावात कुणी "सुटका" करू नये. पण वेदनाशामक देता येतं, आणि ते तातडीनं द्या असा आग्रह डॉक्टरांकडं धरण्यात काही चूक नाही.

मग केव्हा मधे पडायचं आणि केव्हा नाही, हा तुमच्या प्रश्नामागचा मोठा प्रश्न. माझी कसोटी अशी: संकट आपण तयार केलंय का? लांडग्यानं पाडस उचललं तर मी जागचा हलणार नाही. लांडग्याचीही पिल्लं असतात, आणि माळावर तो हरणापेक्षा कमी उरलाय. पण मोकाट कुत्री, काढणीचं यंत्र, कठडा नसलेली विहीर, प्लॅस्टिकचं शेततळं, ही आपली करणी. तिथं आपली जबाबदारी आहे.

शेततळ्याबद्दल जरा थांबतो, कारण मराठवाड्यात 2016 च्या मागेल त्याला शेततळे योजनेनंतर शिवाराशिवारात तळी झाली आणि 500 मायक्रॉनचं अस्तर घातलेल्या तळ्यात उतरलेला प्राणी वर येऊ शकत नाही. खूर प्लॅस्टिकवर धरत नाही. हरीण, कोल्हा, रानमांजर पाणी प्यायला उतरतं, दोनदा घसरतं, मग पोहत कोपऱ्यात फिरत राहतं आणि दमून बुडतं. उपाय स्वस्त आहे. दोन नायलॉन दोर समांतर घ्या, त्यांना फूट-दीड फुटावर जुनी टायरं किंवा अर्धी माती भरलेली पोती आडवी बांधा, आणि ही शिडी काठावरून तळापर्यंत सोडा. वरचं टोक बांधापलीकडं लोखंडी खुंटीला, म्हणजे अस्तराला भोक पडत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तरी अशा शिड्या हव्यात, कारण पोहणारा प्राणी कडेकडेनं कोपऱ्यातच येतो. पाणी खाली जाईल तशी शिडी तळाला टेकलेली आहे ना बघत राहा. मासे धरायचं जाळं टाकू नका, पाय अडकतात. माणसाचं पोरगं पडलं तरी हीच शिडी उपयोगी पडते, त्यामुळं शेजाऱ्याला पटवायला वेळ लागत नाही.

दुष्काळातल्या पाणवठ्यांचं मात्र मी सरसकट "होय" म्हणत नाही. रस्त्याकडेला, गावकुत्र्यांच्या वाटेवर भरलेली कुंडी म्हणजे सापळा होतो. वस्तीपासून लांब, उतरत्या काठाची, वीतभर खोल बशी, एकाऐवजी दोन ठिकाणी, जनावरांच्या हौदापासून वेगळी, आठवड्याला घासून वाळवलेली, असं जमणार असेल तर करा. आणि एकदा सुरू केलं की पाऊस पडेपर्यंत खंड नाही.

तुमच्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात रोज कळप बसत असेल तर त्याला तुमची ही सगळी चर्चा बोचणार, हेही खरंय. दया तुमची आणि नुकसान त्याचं, असं होऊ नये. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनविभागाकडं अर्ज करायला त्याला मदत करा, पंचनाम्याच्या वेळी साक्षीला उभे राहा. झटका मशीनचं कुंपण चालतं, कारण त्यात क्षणभराचा झटका असतो. खांबावरून थेट सोडलेला करंट माणसालाही मारतो, तो कुठल्याही कारणानं नको.

तुमची काही ज्वारी अजून उभी असेलच. मजूर पात धरायच्या आधी सकाळी एकदा ताटांच्या ओळींतून टाळ्या वाजवत सावकाश फिरा. मोठी हरणं उठून जातील, पाडस उठणार नाही, ते डोळ्यांनीच शोधावं लागतं. सापडलं तर हात लावू नका. त्याच्याभोवती चारी बाजूंनी दहा-दहा फुटांपर्यंतची ताटं उभी सोडा, कडेच्या ताटाला लाल चिंधी बांधा आणि काढणी पुढं न्या. दोन-तीन दिवसांनी तिथं दबलेलं गवत आणि बारीक खुरांचे ठसे तेवढे असतील. मग ती ताटंही काढून घ्या.